आवाज वाढवला की टेप का बंद पडतो?

ऊसतोडीचे दिवस आले की पूर्णा-वसमत रस्त्यावर ट्रॅक्टर दिसण्याआधी त्याचे गाणे ऐकू येते. कॅसेटी केव्हाच गेल्या, आता मोबाइलवरून गाणी लागतात. तरी आपण त्या यंत्राला टेपच म्हणतो. या टेपविषयी एक तक्रार नेहमी कानावर येते. हळू आवाजात तो तासन्‌तास चालतो, पण आवाज वाढवला की बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. ट्रॅक्टर असो, जीप असो की कार, दुखणे एकच. पुष्कळजण वैतागून नवा टेप आणतात. तोही तसाच बंद पडतो, कारण दोष बहुधा टेपात नसतो.

विहिरीवरची मोटार आठवा. जास्त करंट ओढला गेला की स्टार्टर पडतो आणि त्यामुळेच मोटार जळायची वाचते. टेपातही अशी राखण असते. करंट फार वाढला, व्होल्टेज फार उतरले किंवा यंत्र तापले, की ते स्वतःला बंद करून घेते. मोठ्या आवाजात ढोलाचा ठोका पडताना टेपाने १२० वॉट ओढले, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १० अँपिअर करंट जातो. वायर बारीक असेल किंवा जोड गंजलेला असेल आणि तिथे ओहमच्या दहाव्या भागाइतकाच अडथळा असेल, तरी एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. हळू आवाजात करंट थोडा, म्हणून हा दोष दिसत नाही.

पिकाचे पान पिवळे पडले की आपण आधी कारण शोधतो, मग औषध आणतो. इथेही तसेच करावे. आवाज जातो तेव्हा टेपाचा दिवा विझतो का, हे प्रथम पाहावे.

दिवाही विझत असेल, तर वीज पुरेशी पोचत नाही. बॅटरीची टर्मिनले पाहावीत. पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर निगेटिव्ह वायर आधी सोडून खायच्या सोड्याच्या पाण्याने ती धुवावी. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. मग टर्मिनल घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावावे. अर्थिंगची वायर रंगावर किंवा गंजावर आवळलेली असेल, तर तेवढी जागा खरवडून चकचकीत पत्र्यावर बसवावी. एवढ्याने भागले नाही तर मीटर लावावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. चालू इंजिनावर १४ च्या आसपास. आवाज वाढवून बॅटरीपाशी आणि टेपापाशी दोन्हीकडे मोजावे. बॅटरीपाशी ठीक आणि टेपापाशी कमी, तर दोष वायरीत किंवा अर्थिंगमध्ये. दोन्हीकडे कमी, तर बॅटरी किंवा तिचे चार्जिंग तपासावे.

दिवा चालू राहून नुसता आवाज जात असेल, तर स्पीकरकडे वळावे. टेप बंद करून एकेक स्पीकर सोडावा आणि पुन्हा वाजवून पाहावे. ज्याला सोडल्यावर टेप नीट चालतो, त्याची वायर सीटखाली किंवा मडगार्डपाशी घासून पत्र्याला लागत असेल. एकाच जोडावर जास्त स्पीकर बसवले, तरी असेच होते. ४ ओहमचे दोन स्पीकर शेजारीशेजारी जोडले की मिळून २ ओहम होतात आणि करंट वाढतो. टेप किती ओहमला चालतो, हे त्याच्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेले असते.

अर्धा-पाऊण तासाने बंद पडत असेल आणि हाताला चटका बसत असेल, तर यंत्र तापते आहे. धूळ झाडावी आणि भोवती हवा खेळेल अशी जागा द्यावी.

फ्यूज उडाला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. तिथे तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद कधीही गुंडाळू नये. मग शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायर तापते, तिचे वेष्टण पेटते; जवळच डिझेलची नळी असते आणि मागे पाचट. टेपाची वायर थेट बॅटरीवरून घेतली असेल, तर तिचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

इंजिन बंद ठेवून रात्रभर टेप लावणेही महागात पडते. सरासरी ५ अँपिअर धरले तरी आठ तासांत ४० अँपिअर-तास जातात; म्हणजे ८० ची बॅटरी निम्मी रिकामी. बॅटरी जुनी असेल तर सकाळी सेल्फ लागत नाही, आणि तोडलेला ऊस फडात वाळत बसला की त्याचे वजनही घटते आणि साखरही.

टेप दुरुस्त झाला म्हणून आवाज पूर्ण सोडावा असे नाही. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न आणि ट्रॉलीवरच्या माणसाची हाक चालकाला ऐकू आली पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर वाजवण्यावर बंदी आहे. घरातला मुलगा ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर निघाला, की आई-वडिलांनी डिझेल-पाण्याबरोबर टेपाच्या आवाजाचीही आठवण करून द्यावी.