चावी एकाच खोलीची द्या

सोसायटीची वर्गणी किंवा दुकानाचा साठा गुगल शीटमध्ये ठेवायचा आणि स्वतःसाठी बनवून घेतलेला छोटा प्रोग्राम तिला जोडायचा, हे आता सोपे झाले आहे. चूक होते ती परवानगी देताना. प्रोग्राम आपल्या ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइल्स पाहण्याची, बदलण्याची, पुसण्याचीही मुभा मागतो आणि आपण न वाचता होकार देतो. काम एका हिशेबाचे, हाती मात्र घरातले सगळे कागद. त्यापेक्षा ‘सर्व्हिस अकाउंट’ घ्यावे. हे प्रोग्रामचे स्वतंत्र खाते. त्याला स्वतःचा ईमेल पत्ता असतो. माणसाला करतो तशीच ती एक शीट त्या पत्त्याला शेअर करायची. नुसती वाचायची असेल तर ‘व्ह्यूअर’ म्हणून. बाकीच्या खासगी फाइल्स त्याला दिसतच नाहीत.

प्रोग्राम लिहिणारा ओळखीचाच आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. पण प्रश्न त्याच्या सचोटीचा नाहीच. या खात्याची किल्ली बहुतेकदा एक साधी फाइल असते. ती लॅपटॉपसोबत चोरीला जाते, चुकून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसमोर पडते. तेव्हा नुकसान किती, हे आधी दिलेल्या परवानगीवरच ठरते. त्याच शीटमध्ये पगाराचा टॅब असेल तर तो लपवला की झाले, हा समजही खोटा आहे. शेअर होते ती संपूर्ण फाइल, एकटा टॅब नाही. आणि रेंज ‘प्रोटेक्ट’ केली तरी बदल थांबतात, वाचन नाही. म्हणून पगारपत्रक वेगळ्या फाइलमध्ये हलवा आणि जुन्या प्रोग्रामांना दिलेल्या परवानग्या गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन आजच तपासा.