हात मोबाइलकडे का जातो? एका वर्गातील प्रकल्पांची गोष्ट

संध्याकाळी विहाराच्या अभ्यासिकेत मुलांसोबत बसते तेव्हा एक गोष्ट रोज दिसते. पुस्तक उघडे असते, शेजारी मोबाइल पालथा ठेवलेला असतो. तो थरथरतो, हात आपोआप तिकडे जातो आणि अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही. पालक म्हणतात, "पोरांना शिस्तच नाही." पण हा हात तिकडे जावा, याची आखणी कोणीतरी विचारपूर्वक केलेली असते. त्या आखणीची काही सूत्रे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून तपासली गेली आहेत.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग हे वर्तनशास्त्रज्ञ 'यंत्र माणसाचे वागणे कसे बदलते' हा विषय शिकवत. त्यांच्या मांडणीनुसार कोणतीही कृती घडायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात : इच्छा, सोपेपणा आणि इशारा. आपल्याकडचे उदाहरण घ्या. वाचनालयात पुस्तके आहेत, मुलांना वाचायचेही आहे. पण कपाटाला कुलूप आणि किल्ली सचिवांच्या घरी. इच्छा आहे, सोपेपणा नाही, म्हणून वाचन होत नाही. मोबाइलमध्ये मात्र तिन्ही जुळतात. कोणाचा मेसेज आला याची उत्सुकता, बोटाचा एक स्पर्श आणि वेळेवर होणारी थरथर.

२००६ मध्ये फॉग यांच्या वर्गात ट्रिस्टन हॅरिस आणि माइक क्रीगर या विद्यार्थ्यांनी 'सेंड द सनशाइन' नावाचा प्रकल्प केला. कल्पना सुंदर होती. एखाद्याच्या गावी हवा ढगाळ, मन उदास करणारी असेल, तर हे अ‍ॅप ऊन असलेल्या गावातील त्याच्या मित्राला इशारा देईल आणि तो उन्हाचा फोटो पाठवील. इशारा तोच, पण हेतू माणसाला माणसाजवळ आणण्याचा.

पुढच्याच वर्षी फॉग यांनी सुमारे ७५ विद्यार्थ्यांना फेसबुकसाठी अ‍ॅप बनवायला लावले. दहा आठवड्यांत ही अ‍ॅप एकूण १ कोटी ६० लाख लोकांपर्यंत पोहोचली. त्यांतले एक गाजलेले अ‍ॅप काय करत होते? मित्रांना 'आकर्षकपणा'चे गुण पाठवणे! साधे अ‍ॅप झटपट बनवा, लोकांवर सोडा, काय चालते ते पाहून बदला, हा धडा अनेकांनी तिथून घेतला.

क्रीगर यांनी २०१० मध्ये केविन सिस्ट्रॉम यांच्यासोबत इन्स्टाग्राम सुरू केले. हॅरिस गुगलमध्ये गेले. तिथे २०१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांपुढे मांडले की, वापरणाऱ्यांचे लक्ष विचलित करणे थांबवणे ही आपली जबाबदारी आहे. पुढे त्यांनी याच प्रश्नावर काम करणारी संस्था उभी केली. एकाच बाकावरचे दोन विद्यार्थी, सूत्र एकच, वाटा वेगळ्या.

समाजशास्त्र शिकताना एक सवय लागते : व्यक्तीला दोष देण्याआधी तिच्याभोवतीची रचना पाहायची. ज्या घरात वेगळी खोली नाही, लॅपटॉप नाही, तिथे स्पर्धा परीक्षेची लेक्चर्स आणि नोट्स त्याच मोबाइलवर असतात. त्या मुलाला "मोबाइल बंद कर" म्हणणे म्हणजे "अभ्यास बंद कर" म्हणण्यासारखे आहे. तो एकटा आहे आणि समोर त्याचे लक्ष खेचण्याचा पगार घेणारी माणसे आहेत. म्हणून त्याला शिव्या न देता सूत्र समजावून द्यावे.

तीनपैकी एक गोष्ट काढली तरी कृती थांबते. नोटिफिकेशन बंद केले की इशारा गेला. अ‍ॅप काढून टाकले आणि ब्राउझरमधून दरवेळी पासवर्ड टाकावा लागला की सोपेपणा गेला. आमच्या अभ्यासिकेत आता लेक्चर डाउनलोड करून इंटरनेट बंद ठेवतात. हे मुलांनीच ठरवले, म्हणून टिकले.

दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. आयआयटी मुंबईत १९६९ पासून डिझाइनचे शिक्षण दिले जाते, पण आपल्या किती पालकांना हे क्षेत्र माहीत आहे? डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी यांपलीकडे आपण फारसे पाहत नाही. कोट्यवधी लोकांच्या रोजच्या सवयी जिथे ठरतात, त्या वर्गातही आपली मुले-मुली असायला हवीत. आणि तिथे पोहोचल्यावर त्यांनी आपल्या प्रकल्पाला एक प्रश्न जरूर विचारावा : हे वापरणाऱ्याला थांबावेसे वाटले, तर त्याला थांबता येईल का?