‘चालेल कधी?’ आधी विचारा, ‘आज काय जमतं?’

वस्तीत घरोघरी फिरताना आम्हाला दिवसभर खाटेवर निजवून ठेवलेली मुलं भेटतात. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा तान्हेपणी मेंदूला इजा होऊन हातापायांवरचा ताबा बिघडणं. एक आई आम्हाला म्हणाली, “तपासणीत शून्य मार्क मिळाले. मग मी परत गेलेच नाही.” पोरगा पाच वर्षांचा, आणि तीन वर्षं व्यायाम बंद!

ही तपासणी असते तरी कशी? फिजिओथेरपिस्ट ‘ग्रॉस मोटर फंक्शन मेजर’ नावाच्या मोजमापात 88 हालचाली पाहतात. त्यांचे पाच भाग : निजणं व कुशीवर वळणं, बसणं, रांगणं व गुडघ्यांवर राहणं, उभं राहणं, चालणं, धावणं, उडी मारणं. मुलाने हालचाल सुरूच केली नाही तर 0, सुरू केली तर 1, अर्धवट जमली तर 2, पूर्ण जमली तर 3. इथे पास-नापास नसतं. मुलाचे आजचे गुण त्याच्याच मागच्या गुणांशी ताडून पाहायचे असतात.

त्या आईचा जुना कागद आम्ही उलगडला. शून्य होतं ते चालण्या-धावण्याच्या भागात. बसण्याच्या भागात निम्म्याहून जास्त गुण होते! ते तिला कुणी वाचूनच दाखवले नव्हते. व्यायाम पुन्हा सुरू झाले. आज तो पोरगा चालत नाही, पण आधाराच्या खुर्चीत बसून आपल्या हाताने जेवतो आणि अंगणवाडीत जातो.

मूल चार महिन्यांचं होऊनही मान धरत नसेल, नऊ महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, तर “होईल हळूहळू” म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणी होते. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. ही सेवा 18 वर्षांपर्यंत मोफत आहे.

तपासणीला नेताना मुलाची झोप झालेली असू द्या, कपडे सैल घाला. मूल घरी जे करतं त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या. परक्या जागी मुलं बुजतात. निघताना गुणांच्या कागदाची प्रत मागा आणि विचारा : आज काय जमतं? पुढचं काय शिकवायचं? घरी कोणता व्यायाम, किती वेळ? परत कधी यायचं?

उत्तर समजेपर्यंत खुर्ची सोडू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. आपण दया मागत नाही, लेकराचा हक्क मागतो.