वायू कमी झाला, म्हणजे धोका टळला का?

फिलिपाइन्समधील लुझॉन बेटावरचा पिनाटुबो हा ज्वालामुखी सुमारे ५०० वर्षे शांत होता. एप्रिल १९९१ मध्ये त्यातून वाफेचे स्फोट होऊ लागले. शास्त्रज्ञांनी तेथे उपकरणे बसवली आणि बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड वायूही मोजायला सुरुवात केली. १३ मे रोजी तो दिवसाला सुमारे ५०० टन होता. २८ मे रोजी ५,००० टनांहून अधिक झाला. मग तो झपाट्याने उतरला आणि ५ जूनला २६० टनांच्या आसपास आला. ज्वालामुखी निवळत चालला आहे असेच कोणालाही वाटले असते. पण त्यानंतर दहाच दिवसांनी, १५ जून रोजी, विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक उद्रेक तेथे झाला. असे का व्हावे? भूपृष्ठाखालच्या शिलारसात विरघळलेले वायू आणि त्यात तयार होणारे स्फटिक यांचे नाते समजले, की हे कोडे सुटते.

दाबाखाली विरघळलेली वाफ

शिलारसात मुख्यतः पाणी आणि त्याखालोखाल कार्बन डायऑक्साइड व गंधकाचे वायू विरघळलेले असतात. जमिनीखाली ७-८ किलोमीटरवर दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २,००० पट असतो. अशा दाबाखाली सिलिकाचे प्रमाण जास्त असलेल्या शिलारसात वजनाने ५-६ टक्के पाणी सहज मावते. शिलारस वर सरकला की दाब घटतो आणि सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्याप्रमाणे बुडबुडे सुटू लागतात.

हे पाणी किती जागा मागते, याचे गणित वरच्या वर्गातील मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाला व हवेच्या नेहमीच्या दाबाला एक ग्रॅम पाण्याची वाफ जवळजवळ ५ लिटर जागा व्यापते. एक लिटर शिलारसाचे वजन दोन किलोंहून अधिक भरते. त्यात ५ टक्के पाणी धरले, तर एका लिटरमधून ५०० लिटरहून अधिक वाफ निघेल!

चिकट आणि पातळ

पण वायू आहे म्हणून स्फोट होतोच असे नाही. हवाई बेटांवरील किलाउआ ज्वालामुखीचा शिलारस बेसाल्टचा, म्हणजे सुमारे ५० टक्के सिलिकेचा, व साधारण ११५० अंश तापमानाचा असतो. तो पातळ असल्याने बुडबुडे निसटून जातात आणि लाव्हा बहुधा वाहत राहतो. पिनाटुबोच्या शिलारसात सिलिका सुमारे ६५ टक्के होती. सिलिकेच्या रेणूंच्या गुंतलेल्या साखळ्यांमुळे असा शिलारस फार चिकट असतो.

हा फरक वर्गात दाखवता येतो. एका पेल्यात पाणी व दुसऱ्यात दाट काकवी घेऊन दोन्हींत नळीने फुंकर घाला. पाण्यातला बुडबुडा लगेच वर येऊन फुटतो. काकवीतला अडकून फुगत राहतो. शिलारसात बुडबुड्यांनी सुमारे तीन-चतुर्थांश जागा व्यापली, की त्या फेसाच्या चिंधड्या होतात. हीच ज्वालामुखीची राख.

स्फटिकांची दोन कामे

बर्फाच्या लादीचा मधला भाग पांढुरका दिसतो. बर्फाचे स्फटिक पाण्यात विरघळलेली हवा आपल्यात घेत नाहीत. ती उरलेल्या पाण्यात साठत जाते व शेवटी बुडबुड्यांच्या रूपाने मध्यभागी अडकते. शिलारसातही तसेच घडते. फेल्स्पार, पायरोक्सीन यांसारख्या खनिजांचे स्फटिक पाणी जवळजवळ घेतच नाहीत. त्यामुळे ते वाढत जातात तसा उरलेला द्रव पाण्याने अधिकाधिक संपृक्त होतो आणि दाब कमी न होताही बुडबुडे सुटू लागतात.

दुसरे काम याहून घातक. विरघळलेले पाणी सिलिकेच्या साखळ्या तोडते, शिलारस पातळ ठेवते आणि त्याचा गोठणबिंदूही खाली आणते. पाणी निघून गेले की गोठणबिंदू वर चढतो आणि शिलारस थंड न होताच त्यात बारीक स्फटिक धरू लागतात. मधात साखरेचे कण धरले की तो किती घट्ट होतो ते आठवा. नळीच्या वरच्या भागातील शिलारस असा थिजला की त्याचे बूच बनते. खाली वायू सुटतच असतो, पण वाट बंद झालेली असते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पिनाटुबोत वायूच्या वाटा बुजल्या असाव्यात, असा त्या घसरणीचा अर्थ लावला गेला. ७ जूनला विवरात घट्ट लाव्हाचा घुमट वर आला, भूकंपही वाढले. या साऱ्या खुणा एकत्र वाचून हजारो लोकांना वेळीच हलवण्यात आले. उद्रेकाच्याच दिवशी आलेल्या चक्रीवादळाच्या पावसाने राख भिजली व तिच्या वजनाने छपरे कोसळून शेकडो माणसे दगावली. परंतु स्थलांतर झाले नसते तर बळींची संख्या हजारोंत गेली असती.

आपल्या दगडांतील खुणा

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टने व्यापला आहे. हा लाव्हा पातळ होता, म्हणून तो दूरवर पसरला. त्याच्या एखाद्या थराचा उभा छेद घाटात किंवा खाणीत विद्यार्थ्यांना दाखवा. मधला खडक भरीव आणि वरचा भाग भोकाभोकांचा दिसेल. वर चढत असताना लाव्हा गोठल्याने अडकलेले हे बुडबुडे होत. कित्येक भोकांत मागाहून पाण्यातून झिओलाइटसारखी पांढरी खनिजे भरली. विहिरी खणणारे अशा खडकाला ‘मांजऱ्या’ म्हणतात. काही थरांत फेल्स्पारचे पांढरट स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात. भोक बुडबुड्याचे की तुकडा स्फटिकाचा, हे मुलांना ओळखू द्या. ज्वालामुखीचा स्वभाव ठरवणाऱ्या दोन्ही गोष्टी त्या एका दगडात हाताला लागतील.