डान्सबार, स्त्रीवाद आणि ‘तिची मर्जी’

डान्सबारमध्ये नाचणारी बाई म्हटलं की आपल्याकडे दोन चित्रं हमखास पुढे येतात. एकात ती तरण्याताठ्या पोरांना नादी लावून घरं बुडवणारी असते, दुसऱ्यात कुणीतरी फसवून आणलेली बिचारी. २००५ साली मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमं घालून महाराष्ट्र सरकारने डान्सबार बंद केले, तेव्हा ही दोन्ही चित्रं बिनदिक्कत शेजारी शेजारी मांडली गेली. एकच बाई एकाच वेळी सावज आणि शिकारी कशी, हा प्रश्न मात्र मागे राहिला. तो मागे राहिला म्हणूनच या विषयातले गैरसमज वीस वर्षांनंतरही टिकून आहेत.

सगळ्यात घट्ट रुजलेला समज म्हणजे ‘या मुली पळवून आणलेल्या असतात’. बंदीच्याच वर्षी, २००५ मध्ये, एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने आणि ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ने ५० बारमधल्या ५०० नर्तकींशी बोलून पाहणी केली. जबरदस्तीने आणल्याचं चित्र तिच्यातून उभं राहिलं नाही. बऱ्याच जणी बेडिया, नट, कंजर अशा पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजांतून आलेल्या होत्या. घरचं कर्ज, आजारपण, भावंडांची शिक्षणं, सोडून गेलेला नवरा, कमी शिक्षण असूनही इथे मिळणारा बरा पैसा, ही कारणं आपल्या ओळखीची आहेत. धुणीभांडी करणाऱ्या बाईचीही तीच असतात.

मग ही ‘मोकळी निवड’ म्हणायची का? इथे घाई करू नये. जातीने जे काम माथी मारलं त्यालाच ‘निवड’ म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे, हा आक्षेप दलित स्त्रीवादी चळवळीतून आला आणि तो पुरता खरा आहे. त्यातल्या काहींनी याच कारणासाठी बंदीला पाठिंबा दिला. दुसरीकडे फ्लाविया अ‍ॅग्नेस यांच्यासारख्या स्त्रीवादी वकील बारगर्ल्सच्या बाजूने उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. तेव्हा ‘स्त्रीवाद्यांना बार हवेच आहेत’ आणि ‘स्त्रीवादी या बायकांना तुच्छ लेखतात’ ही दोन्ही विधानं चुकीची आहेत. भांडण चळवळीच्या आतलं होतं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

मला स्वतःला वाटतं, मर्जी शंभर टक्के मोकळी आहे की नाही याचा निवाडा लागेपर्यंत तिची रोजीरोटी काढून घेण्याचा अधिकार कुणालाही पोचत नाही. शेतमजूर बाईला आपण तो निकष लावत नाही. कारकुनाला तर नाहीच नाही.

‘बंदी अश्लीलतेवर होती’ हा पुढचा समज. तसं असतं तर नियम सगळ्यांना एकच लागला असता. ३३ब कलमाने तीन तारे आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने आणि क्लब यांना सूट दिली होती. म्हणजे तेच गाणं, तोच नाच. झुंबराखाली चालेल, ट्यूबलाइटखाली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये नेमक्या या भेदभावावर बोट ठेवून बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. त्यानंतर सरकारने काय करावं? २०१४ साली सूटच काढून टाकली आणि बंदी सरसकट केली. तिलाही ऑक्टोबर २०१५ मध्ये स्थगिती मिळाली.

बंदीनंतर या बायकांचं पुनर्वसन झालं, असंही अनेकांना मनापासून वाटतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात मात्र वेगळीच नोंद आहे: पंच्याहत्तर हजारांच्या आसपास बायकांचं काम गेलं, बंदी उलटी पडली आणि काही जणींवर देहविक्रीची वेळ आली. ज्या राहिल्या त्या ‘ऑर्केस्ट्रा’च्या परवान्याखाली किंवा चोरून. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीतल्या एका बारवर धाड पडली, तेव्हा मेकअप रूममधल्या आरशामागच्या चोरखोलीत १७ तरुणी कोंबलेल्या सापडल्या. कामच बेकायदा ठरलं की तक्रार घेऊन जायला जागा उरत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कुठला हवा?

खरी गोम पैशांत आहे, आणि तिच्याकडे आपलं लक्ष सगळ्यात कमी जातं. गिऱ्हाईक दहा-दहाच्या नोटांची थप्पी घेऊन बसायचं. संगीतबारीतल्या दौलतजादेचीच ही शहरी आवृत्ती. रात्र संपली की त्या ‘कलेक्शन’ची मालक आणि नर्तकी यांच्यात वाटणी व्हायची. मोजणार मालकाचा माणूस. बहुतेक जणींना पगार नाही, कागद नाही. कपडे, मेकअप, पहाटेची रिक्षा स्वतःच्या खिशातून. न्यूयॉर्कच्या प्लेबॉय क्लबमध्ये नाव बदलून नोकरी केलेल्या अमेरिकी स्त्रीवादी पत्रकार ग्लोरिया स्टायनम यांनी १९६३ मध्ये जे लिहिलं, त्याचाही गाभा हाच होता: झगमगाटाच्या मागे कापलेला पगार, दुखणारे पाय आणि नोकरीसाठी सक्तीची शारीरिक तपासणी. त्यांचा रोख तिथे राबणाऱ्या मुलींवर नव्हता, त्यांना राबवणाऱ्यांवर होता.

‘सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सगळं मोकळं सोडलं’ हेही खरं नाही. बंदीला स्थगिती मिळाल्यावर सरकारने २०१६ मध्ये बारमधल्या नाचावर अटी घालणारा नवा कायदा आणला होता. त्यातल्या सीसीटीव्हीची सक्ती, शाळा-देवळापासून एक किलोमीटरचं अंतर, नाच असेल तिथे दारू नको, या अटी गेल्या. नोटा उधळायची मनाई राहिली, टिप हातात देता येते. नर्तकीशी लेखी करार आणि मोबदला तिच्या बँक खात्यात, हीही अट राहिली. फक्त महिन्याच्या पगाराची सक्ती काढली. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑर्केस्ट्रा बारमधल्या मंचावर चारच बायका आणि चारच पुरुष हे बंधनही न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. बायकांना सांभाळण्याच्या नावाखाली त्यांचं कामच आवळणारा नियम टिकत नाही, हे त्याआधी २००७ मध्येच ठरलं होतं. दिल्लीत दारू दिली जाते त्या जागी बायकांना नोकरीला मनाई करणारं १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातलं कलम तेव्हा रद्द झालं.

बार हे कामाचं ठिकाण आहे, म्हणून लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही तिथे लागू होतो. दहा किंवा जास्त कामगार असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमायची. कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. पोलिसांची धाड पडते तेव्हा परवाना, वेळ आणि मंचावरची डोकी तपासली जातात. करारावर सही कुणाची आहे, पैसे कुणाच्या खात्यात जातात आणि ही समिती नेमली आहे का, हेही त्याच वेळी तपासायला हवं.