किनारा चुकला तर वारा चुकतो

हवामान उपग्रहाच्या चित्रात ढगांवर भारताचा किनारा रेषेने आखलेला असतो. रेषा नकाशातली, चित्र मात्र सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून टिपलेलं. तेवढ्या उंचीवर उपग्रह अंशाच्या शंभराव्या भागाइतका जरी कलला, तरी चित्र जमिनीवर सहा किलोमीटर सरकतं. इन्सॅट-३डी मालिकेतले उपग्रह दर अर्ध्या तासाने चित्र घेतात, आणि दोन चित्रांमध्ये ढग किती हलले यावरून वरचे वारे मोजतात. मधल्या वेळात चित्रच सहा किलोमीटर हललं, तर ताशी बारा किलोमीटरचा, मुळात नसलेला वारा हिशेबात शिरतो. म्हणून चित्रातला खरा किनारा शोधून तो नकाशावर चपखल बसवावा लागतो.

संगणक आधी पाणी आणि जमीन वेगळी करतो आणि त्यांच्यातली कड काढतो. पण नुसत्या दोन रेषा एकमेकींवर ठेवून भागत नाही. त्या जराशा हुकल्या तरी कुठेच जुळत नाहीत, आणि कोणत्या बाजूला सरकायचं तेही कळत नाही. अमेरिकेतल्या एसआरआय संस्थेत बॅरो, टेनेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९७७मध्ये यावर फार देखणा तोडगा मांडला, आणि तोही हवाई छायाचित्रातल्या किनाऱ्यावरच. चित्राच्या प्रत्येक चौकोनात किनारा तिथून किती लांब आहे तो आकडा लिहायचा. स्वीडनच्या गुनिला बोर्गेफोर्स यांनी पुढे रूढ केलेल्या मापात किनाऱ्याच्या चौकोनात ०, शेजारच्यात ३, तिरक्या शेजाऱ्यात ४, दोन घरं पलीकडे ६. मग नकाशातल्या किनाऱ्याचे बिंदू या आकड्यांवर ठेवायचे आणि खाली आलेल्या आकड्यांची बेरीज करायची. नकाशा योग्य दिशेने सरकला की बेरीज घटते; उतारावरच्या पाण्यासारखा तो खोलगट जागी येऊन थांबतो.

तरी कुठलाही तुकडा चालत नाही. कोकणचा किनारा बराचसा उत्तर-दक्षिण सरळ, त्यामुळे पूर्व-पश्चिम चूक तो लगेच पकडतो. पण नकाशा त्याच्याच रेषेत वर-खाली घसरला तर बेरीज फारशी बदलत नाही. वळणं हवीत: काठेवाडचा फुगवटा, श्रीलंकेचा गोल घेर. खंबायतच्या आखातात वळणं आहेत, पण भरती-ओहोटीत पाणी सुमारे दहा मीटर चढतं-उतरतं आणि चिखलाची विस्तीर्ण मैदानं उघडी पडतात. तिथे किनारा नेमका कोणता म्हणायचा?

उष्णतेच्या चित्रांची अडचण आणखी वेगळी. दिवसा जमीन समुद्रापेक्षा तापलेली, रात्री थंड. मधे दोनदा दोन्ही सारखी होतात आणि कड विरून जाते.

आणि पावसाळा! नेमक्या ज्या ढगांसाठी एवढा खटाटोप, तेच अख्खं कोकण झाकून टाकतात. पण उपग्रह कलला की चित्र सगळीकडेच सरकतं. एका कोपऱ्यातली दुरुस्ती बरीचशी इतरत्रही लागू पडते. त्यामुळे जुलैत रत्नागिरीवरच्या ढगाची जागा पक्की करायला तांबड्या समुद्राचा उघडा, वाळवंटी काठ कामी येऊ शकतो.