हातांनी घेतलेली नावे

१० डिसेंबर २०१३. जोहान्सबर्गच्या एफएनबी स्टेडियममध्ये नेल्सन मंडेला यांची शोकसभा भरली होती. बराक ओबामा, राउल कॅस्ट्रो, आपले तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी, असे एकेक नेते व्यासपीठावर येऊन बोलत होते आणि त्यांच्या अगदी शेजारी उभा असलेला एक माणूस हातवारे करत होता. ऐकू येणाऱ्या जगाला वाटले, सांकेतिक भाषेत भाषांतर चालू आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या कर्णबधिरांना मात्र पहिल्या काही मिनिटांतच कळले, की या हातवाऱ्यांना काही अर्थ नाही. तिथल्या कर्णबधिर खासदार विल्मा न्यूहॉट-ड्रुकेन यांनी सभा चालू असतानाच ते जाहीरपणे सांगितले. ज्यांच्यासाठी सभा भरली होती त्या मंडेलांच्या नावाची रूढ खूणसुद्धा या दुभाष्याला करता आली नव्हती. पुढे सरकारला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

या प्रकरणावर जगभर बरेच लिहिले गेले. ते लिखाण सुरक्षाव्यवस्थेतल्या त्रुटींविषयी होते, दुभाष्याच्या मानसिक आजाराविषयी होते. मंडेला या माणसाला सांकेतिक भाषेत स्वतःचे असे एक नाव आहे आणि ते नाव त्यांना कर्णबधिर समाजाने दिले आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात आली. गांधी, लिंकन, येशू, गणपती ही नावे आपण तोंडाने घेतो. जगात कोट्यवधी माणसे ती हातांनी घेतात. ही नावे कशी तयार होतात, कोण देते आणि का टिकतात, हे समजून घेतले तर सांकेतिक भाषेविषयीचे आपले निम्मे गैरसमज गळून पडतात.

पहिला गैरसमज असा, की सांकेतिक भाषा जगभर एकच आहे. तसे नाही. अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच, जपानी, भारतीय अशा वेगवेगळ्या सांकेतिक भाषा आहेत आणि प्रत्येकीचे व्याकरण वेगळे आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये बोलायची भाषा इंग्रजीच, पण तिथले दोन कर्णबधिर भेटले तर त्यांना एकमेकांच्या खुणा कळतीलच असे नाही. अमेरिकन सांकेतिक भाषेची मुळे फ्रान्समध्ये आहेत, आणि तिची अक्षरे एका हाताने काढतात. ब्रिटिश अक्षरे दोन हातांनी काढतात. भारतीय सांकेतिक भाषेतही इंग्रजी अक्षरे दोन हातांनीच काढली जातात, तो ब्रिटिशांचा वारसा.

दुसरा गैरसमज असा, की नाव सांगायचे म्हणजे एकेक अक्षर बोटांनी काढून दाखवायचे. अनोळखी नाव पहिल्यांदा आले की असे करतात हे खरे. पण बातम्यांमध्ये ‘गोर्बाचेव्ह’ हे नाव पंधरा वेळा येणार असेल तर इंग्रजी स्पेलिंगची नऊ अक्षरे पंधरा वेळा कोण काढत बसेल? म्हणून त्यांच्या कपाळावरच्या जन्मखुणेच्या जागी हात नेला की झाले. बघणाऱ्याला क्षणात कळते. यालाच नावाची खूण म्हणतात.

या खुणांचा इतिहास नीट पाहायचा तर सुरुवात पॅरिसमध्ये होते. अठराव्या शतकात अबे द लेपे या धर्मगुरूने तिथे कर्णबधिर मुलांसाठी शाळा चालवली. त्यांच्या आडनावाचा अर्थ तलवार, म्हणून त्यांची खूण कमरेची तलवार उपसण्याची. याच शाळेत पुढे लोराँ क्लेर शिकला आणि तिथेच शिक्षक झाला. लहानपणी तो विस्तवात पडला होता आणि गालावर भाजल्याचा व्रण राहिला होता. शाळेतल्या मुलांनी त्याला नाव दिले ते त्या व्रणावरून: तर्जनी आणि मधले बोट जोडून गालावरून खाली फिरवायचे. १८१६ मध्ये टॉमस हॉपकिन्स गॅलोडेट या अमेरिकन पाद्र्याबरोबर क्लेर समुद्र ओलांडून अमेरिकेला गेला. १८१७ मध्ये दोघांनी हार्टफर्डला कर्णबधिरांची शाळा काढली आणि क्लेरबरोबर फ्रेंच खुणाही अमेरिकेत पोचल्या. क्लेर १८६९ मध्ये वारला. आजही अमेरिकेतले कर्णबधिर त्याचे नाव गालावर दोन बोटे फिरवूनच घेतात.

गॅलोडेट चष्मा लावत. म्हणून त्यांची खूण डोळ्याच्या कडेची: अंगठा आणि तर्जनी डोळ्याजवळ धरायची आणि चष्म्याच्या काडीसारखी मागे नेत मिटायची. त्यांच्या नावाने वॉशिंग्टनमध्ये जे विद्यापीठ उभे राहिले त्यालाही हीच खूण मिळाली. आज ही खूण करणाऱ्या कित्येकांच्या मनात चष्मा नसतो, विद्यापीठ असते. बोलीभाषेतले शब्द जसे वापराने गुळगुळीत होतात, तशाच खुणाही होतात.

गॅलोडेट विद्यापीठातल्याच विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवून दिले, की प्रत्येक खूण काही ठरावीक घटकांनी बनलेली असते: हाताचा आकार, शरीरावरची जागा आणि हालचाल. यातला एक घटक बदलला की अर्थ बदलतो. म्हणजे खुणा म्हणजे मनाला येईल तसे हातवारे नव्हेत. नावांच्या खुणाही याच नियमांनी बनतात. सॅम्युएल सुपाला यांनी १९९२ मध्ये अमेरिकन नावांच्या खुणांवर पुस्तक लिहिले आणि त्यांचे दोन प्रकार सांगितले. एक, माणसाच्या दिसण्या-वागण्यावरून पडलेली. दुसरा, नावाचे आद्याक्षर शरीराच्या एखाद्या जागी धरून केलेली. अब्राहम लिंकन यांची खूण दुसऱ्या प्रकारची, ‘एल’ अक्षर कानशिलाजवळ टेकवायचे. जॉर्ज वॉशिंग्टन यांची ‘डब्ल्यू’ अक्षर खांद्याजवळ धरून होते.

लिंकन यांच्याविषयी अमेरिकेतल्या कर्णबधिरांना खास जिव्हाळा आहे आणि त्याला कारण आहे. ८ एप्रिल १८६४ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, त्यांनी वॉशिंग्टनमधल्या कर्णबधिरांच्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. तेच आजचे गॅलोडेट विद्यापीठ. वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकातला पुतळा जवळून पाहा. डाव्या हाताची मूठ वळलेली आहे, उजव्या हाताची बोटे खुर्चीच्या हातावर सैल पडली आहेत. कर्णबधिर सांगतात, की डावा हात ‘ए’ दाखवतो आणि उजवा ‘एल’. शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी तसे ठरवून केल्याचा कागदोपत्री पुरावा नाही. पण याच फ्रेंच यांनी १८८९ मध्ये गॅलोडेट आणि त्यांची छोटी विद्यार्थिनी अ‍ॅलिस कॉग्स्वेल यांचा पुतळा घडवला होता, आणि त्या पुतळ्यात गॅलोडेट तिला ‘ए’ अक्षरच शिकवत आहेत. त्यामुळे ही समजूत निराधार म्हणून झटकून टाकता येत नाही.

राजकारण्यांना मिळणारी सगळीच नावे जिव्हाळ्याची नसतात. अमेरिकन सांकेतिक भाषेत ‘खोटे बोलणे’ ही खूण हनुवटीवरून बोट आडवे फिरवून करतात. रिचर्ड निक्सन यांचे नाव रूढ झाले ते तिथेच, हनुवटीवरून ‘एन’ अक्षर फिरवून. एका खुणेत नावही आले आणि जनतेचा निकालही. हिटलर जवळपास सगळीकडे ओठावरच्या आखूड मिशीने ओळखला जातो. अंगेला मेर्कल यांच्यासाठी जर्मनीत ओठांचे खाली झुकलेले कोपरे दाखवतात. डोनाल्ड ट्रम्प यांच्यासाठी डोक्यावर तळवा थोपटतात आणि केसांचा झुबका डोळ्यांपुढे उभा राहतो. या खुणा कोणा मंडळाने ठरवलेल्या नसतात. निवडणुकीच्या काळात गप्पांमध्ये, व्हिडिओंमध्ये चार-पाच खुणा फिरतात, त्यातली एक टिकते. अधिकृत भाषांतर करणाऱ्या दुभाष्याला अशा वेळी जपून राहावे लागते. नावातच टिंगल असेल तर अक्षरे काढून दाखवणे त्याला बरे पडते, कारण त्याने कोणाची बाजू घ्यायची नसते.

नाव देण्याची ही प्रक्रिया उघडपणे, ठरवून झाल्याचे एक सुंदर उदाहरण कमला हॅरिस यांचे आहे. २०२० च्या निवडणुकीनंतर त्यांच्यासाठी वेगवेगळ्या खुणा फिरू लागल्या. तेव्हा अमेरिकेतल्या पाच कर्णबधिर स्त्रिया पुढे आल्या, कृष्णवर्णीय आणि भारतीय वंशाच्या. त्यांचे म्हणणे होते, की जिच्यासारख्या आम्ही आहोत तिचे नाव आम्ही ठरवू. त्यांनी सूचना मागवल्या, लोकांची मते घेतली आणि २०२१ च्या जानेवारीत खूण जाहीर केली. मनगट वळवत अंगठा, तर्जनी आणि मधले बोट उमलल्यासारखे उघडायचे. त्यात कमळ आहे. शिवाय अंगठा, तर्जनी आणि मधले बोट मिळून अमेरिकन सांकेतिक भाषेत ‘तीन’ हा आकडा होतो: उपाध्यक्षपदावरची पहिली स्त्री, पहिली कृष्णवर्णीय, पहिली भारतीय वंशाची. दिसण्याची थट्टा नाही, कपड्यांचा उल्लेख नाही. एका माणसाचे इतिहासातले स्थान तीन बोटांत बसवले आहे.

धर्माच्या क्षेत्रात खुणांचे स्वरूप बदलते. तिथे नाव घेणे हीच भक्ती असते, म्हणून खूण बहुधा कथेच्या गाभ्यातून येते. येशूचे नाव घेताना उजव्या हाताचे मधले बोट डाव्या तळव्याच्या मध्यावर टेकवतात, मग डाव्या हाताचे मधले बोट उजव्या तळव्यावर. क्रुसावर जिथे खिळे ठोकले गेले ती ही जागा. ही खूण अनेक देशांत चालते. अमेरिकेत ‘ख्रिस्त’ म्हणताना मात्र ‘सी’ अक्षर डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत तिरके नेतात, कारण ‘राजा’ ही खूण राजाच्या अंगावरच्या तिरक्या पट्ट्यावरून अशीच होते. एका नावात दुःख आहे, दुसऱ्यात राज्य आहे. पोपसाठी दोन्ही हातांनी डोक्यावरच्या उंच टोकदार शिरोभूषणाचा आकार काढतात. ही खूण पदाची आहे, व्यक्तीची नाही. पोप बदलले तरी ती तशीच राहते.

आपल्याकडेही गणपती सोंडेने आणि कृष्ण बासरीने दाखवतात. मूर्तीत जे दिसते तेच हातात येते, त्यामुळे कर्णबधिर मुलाला देव ओळखायला पुस्तकाची वाट पाहावी लागत नाही. धर्मग्रंथाचे भाषांतर मात्र इतके सोपे नसते. अमेरिकन सांकेतिक भाषेतले संपूर्ण बायबल २०२० मध्ये पूर्ण झाले. त्याला सुमारे चार दशके लागली. छापील भाषांतरात नाव तसेच ठेवून पुढे जाता येते. चित्रफितीतल्या भाषांतरात मात्र त्या प्रचंड ग्रंथातली माणसे प्रेक्षकाला हातांनी ओळखता यावी लागतात.

खुणांमध्ये समाजाचे पूर्वग्रहही उतरतात, हे सांगायला हवे. अनेक देशांत ज्यू माणसासाठी जुनी खूण बाकदार नाकाची होती. ती मागे पडली आणि दाढीवरून हात फिरवण्याची खूण आली. चीन आणि जपानसाठी अमेरिकेत डोळ्याच्या कोपऱ्याजवळ बोट नेत असत. तिथल्या कर्णबधिरांनी ते सोडून त्या त्या देशातल्या कर्णबधिरांच्या स्वतःच्या खुणा स्वीकारल्या. कोणी फर्मान काढले नव्हते. एकमेकांना भेटल्यावर, ज्याचे नाव त्याला विचारून घ्यावे, हे शहाणपण त्यांना सुचले.

आता आपल्या घराकडे वळू. कर्णबधिरांसाठीची भारतातली पहिली शाळा मुंबईत, १८८५ मध्ये सुरू झाली. त्याच्या पाच वर्षे आधी, १८८० मध्ये, मिलान इथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने ठराव केला होता, की मुलांना ओठ वाचून बोलायला शिकवावे, खुणा वापरू नयेत. या ठरावाचा परिणाम जगभर शंभर वर्षे टिकला. आपल्याकडच्या शाळांमध्येही वर्गात हात बांधून बसावे लागे आणि खुणा जगल्या त्या वसतिगृहात, मैदानात, मधल्या सुट्टीत. २०१० मध्ये व्हँकुव्हर इथे भरलेल्या अशाच परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. तोवर अनेक पिढ्यांच्या खुणा नोंदवल्या न जाता त्यांच्याबरोबर गेल्या होत्या.

भारतीय सांकेतिक भाषेचा शास्त्रीय अभ्यास १९७० च्या दशकात सुरू झाला. मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळुरू इथल्या खुणा गोळा केल्या. १९८७ पासून दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठी बातम्या येऊ लागल्या आणि देशोदेशीच्या नेत्यांची नावे दर आठवड्याला हातांनी घेतली जाऊ लागली. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०१८ मध्ये तीन हजार शब्द होते, २०२१ मध्ये दहा हजार झाले. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांच्या वर होती. त्या मानाने दहा हजार शब्द ही सुरुवात आहे.

शब्दकोश दिल्लीत होतो, पण नावे गावोगाव पडतात. शिवाजी महाराज, तुकोबा, जोतीराव आणि सावित्रीबाई, बाबासाहेब यांची नावे कोल्हापूरच्या, नागपूरच्या, नाशिकच्या कर्णबधिर शाळांमधून रोज घेतली जातात. ती चित्रफितींवर नोंदवून ठेवणे हे आपल्या विद्यापीठांचे आणि मराठी भाषेसाठी काम करणाऱ्या संस्थांचे काम आहे. त्याला फार पैसा लागत नाही. एक कॅमेरा लागतो, आणि कर्णबधिर माणसांना सल्लागार म्हणून नव्हे तर प्रकल्पाचे प्रमुख म्हणून नेमण्याची तयारी लागते. कारण ऐकू येणाऱ्या माणसाने घरी बसून नावाची खूण बनवायची नसते. कर्णबधिर समाज ती देतो, आपण घ्यायची असते.

दक्षिण आफ्रिकेने २०२३ मध्ये आपल्या सांकेतिक भाषेला देशाची बारावी राजभाषा केले. भारतीय सांकेतिक भाषेला असा दर्जा मिळावा ही इथल्या कर्णबधिरांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. ती मान्य होईपर्यंत आपण एवढे तरी करू शकतो: गावातली जयंती, व्याख्यानमाला, कीर्तन महोत्सव ठरवताना प्रशिक्षित दुभाष्याचा खर्च मांडवाच्या आणि ध्वनिक्षेपकाच्या खर्चाबरोबरच लिहावा. आणि तो दुभाषी खरा आहे की नाही, हे गावातल्या कर्णबधिरांना विचारूनच ठरवावे.